जीपगाडीचे जादा दिवे

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी लाखो जीपगाड्या तयार झाल्या. रस्ता असो वा नसो, चिखल, ओढे आणि चढण पार करून जाणारी ही गाडी. तिच्या पुढच्या दोन दिव्यांत एक सोय होती. ते बिजागरीवर मागे उलटवता येत. त्यामुळे रात्री दुरुस्ती करताना त्यांचा उजेड इंजिनावर पडे. मात्र गाडीची विद्युतयोजना अवघी ६ व्होल्टची होती आणि दिव्यांचा उजेड बेताचाच पडे.

युद्धानंतर अशा गाड्या शेतावर, जंगलात आणि डोंगरात फिरू लागल्या. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये लँड रोव्हर आली. त्याच सुमारास मुंबईत महिंद्र कंपनीने जीपगाड्यांची जुळणी सुरू केली. अंधाऱ्या आडवाटांवर दोन दिवे पुरेनात, म्हणून मालक बंपरवर किंवा टपावर जादा दिवे बसवू लागले. जुन्या गाड्या जतन करणारे शौकीन आजही त्या काळचे दिवे हुडकून बसवतात. पण दिवे दुप्पट केले म्हणजे दुप्पट अंतरावरचे दिसते का? चला, हिशेब करून पाहू.

दुप्पट अंतर, चौपट प्रकाश

समजा, गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात आहे. वाटेत एक ओंडका आडवा पडला आहे. तो दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी २० मीटर पुढे सरकते. कच्च्या रस्त्यावर ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ४ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो, असे धरू. थांबण्याचे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट : ४०० ÷ ८ = ५० मीटर. एकूण अंतर झाले ७० मीटर. दिव्यांच्या उजेडात ओंडका ५० मीटरांवर आल्यावरच दिसला, तर गाडी त्याच्यावर ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने आदळेल!

म्हणजे अधिक दूरचे दिसायला हवे. पण दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की तोच प्रकाश चौपट क्षेत्रफळावर पसरतो. म्हणून ५० मीटरांवर जेवढा उजेड पडतो तेवढाच १०० मीटरांवर पाडायचा, तर चौपट प्रकाश लागेल. दोनाचे आठ दिवे केले, तर बॅटरी आणि डायनामो यांचा निभाव कसा लागणार?

आरशाची करामत

यावर उपाय आहे दिव्यातील आरशाचा. हा आरसा अन्वस्ताकृती असतो. त्याच्या नाभीपाशी ठेवलेल्या बिंदूतून निघालेले किरण परावर्तनानंतर एकमेकांना समांतर जातात. बल्बमधील टंगस्टनची तार काही बिंदू नव्हे; तिला लांबी-रुंदी असते. म्हणून झोत थोडा पसरतोच. परंतु आरसा मोठा आणि तार लहान असेल, तर झोत अरुंद होतो. झोताच्या शंकूचा कोन निम्मा झाला, की तोच प्रकाश एक चतुर्थांश क्षेत्रफळावर पडतो आणि उजेड चौपट होतो. एकही वॅट न वाढवता!

लांब पल्ल्याच्या जुन्या दिव्यांचे आरसे मोठे आणि पुढची काच जवळजवळ साधी असण्याचे कारण हेच. १९६२ मध्ये युरोपात मोटारींसाठी हॅलोजन दिवा आला. साध्या बल्बमध्ये तारेतून उडालेले टंगस्टन काचेवर बसते आणि काच काळवंडते. हॅलोजन दिव्यात ते आयोडीन किंवा ब्रोमीनशी संयोग पावते आणि पुन्हा तारेजवळ येऊन तिच्यावर बसते. त्यामुळे छोटी तार अधिक तापवता येते. ती अधिक प्रखर प्रकाश देते आणि झोतही आटोपशीर राहतो.

धुक्याची पांढरी भिंत

आता हाच जोरदार दिवा टपावर लावून धुक्यात शिरा. समोर नुसती पांढरी भिंत! धुक्यातील जलबिंदू प्रकाश सर्व दिशांना विखुरतात, आणि त्यातील काही आपल्या डोळ्यांकडे परततो. दिवा डोळ्यांच्या रेषेजवळ असेल, तर आपण ज्या धुक्यातून पाहतो तेच सारे उजळून निघते. म्हणून धुक्याचे दिवे बंपरपाशी, जमिनीलगत बसवतात. त्यांचा झोत रुंद पण चपटा असतो आणि वरच्या बाजूला कापल्यासारखा संपतो. त्यांच्या काचेवरच्या उभ्या पन्हळी प्रकाश दोन्ही बाजूंना पसरवतात. रस्त्याची कड दिसते. डोळ्यांसमोरचे धुके मात्र बरेचसे अंधारात राहते.

आणि पिवळी काच? पिवळा प्रकाश धुके भेदतो, असे पुष्कळांना वाटते. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकापासून १९९३ पर्यंत मोटारींचे पुढचे दिवे पिवळेच असत. हवेचे रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात हे खरे; आकाश त्यामुळेच निळे दिसते. पण धुक्याचा थेंब साधारण १० ते २० मायक्रॉन, तर प्रकाशाची तरंगलांबी सुमारे अर्धा मायक्रॉन. इतका मोठा थेंब सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतो. धुके पांढरे दिसते ते यामुळेच. तेव्हा धुक्यात रंगापेक्षा दिव्याची जागा आणि झोताचा आकार महत्त्वाचा.

तारेत हरवलेला प्रकाश

दिवा उत्तम, जागाही योग्य. तरी उजेड मंद पडतो. असे का? समजा, १२ व्होल्टच्या गाडीत दोन जादा दिव्यांना मिळून ८ अँपिअर धारा लागते. जुनी बारीक तार, गंजलेले जोड आणि बटण यांचा रोध फक्त ०.१५ ओहम आहे. ओहमच्या नियमानुसार ८ × ०.१५ = १.२ व्होल्ट वाटेतच खर्च झाले. व्होल्ट एक दशांशाने घटले, पण प्रकाश मात्र जवळजवळ तीन दशांशाने घटतो, कारण तार थोडी जरी कमी तापली तरी तिचा दृश्य प्रकाश झपाट्याने उतरतो. ६ व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच वॅटसाठी धारा दुप्पट लागते. तिथे हा तोटा आणखी जाणवतो.

म्हणून जाणकार मेकॅनिक बॅटरीपासून जाड तार घेतो आणि मध्ये फ्यूज व रिले बसवतो. चालकाच्या बटणातून रिलेपुरतीच अल्प धारा जाते; दिव्यांची मोठी धारा जाड तारेतून थेट जाते.

करून पाहा

काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात दुधाचे काही थेंब टाका. पेल्यामागे एक नाणे उभे करा आणि खोलीत अंधार करा. टॉर्च आधी डोळ्यांजवळ धरून नाणे पाहा. मग ती टेबलालगत, पेल्याच्या तळाशी धरा. नाणे केव्हा स्पष्ट दिसते? टॉर्चवर पिवळा जिलेटिन कागद लावून फरक पडतो का, तेही तपासा.

एक गोष्ट मात्र कोणताही दिवा बदलू शकत नाही. समोरून गाडी येताना लांब पल्ल्याचे दिवे बंद करावेच लागतात, नाहीतर समोरच्या चालकाचे डोळे दिपतात. त्या क्षणी आपल्याला पुन्हा ५० मीटरच दिसते. मग वर दिलेल्या रीतीने हिशेब करा : त्या कच्च्या रस्त्यावर, ५० मीटरांत थांबायचे असेल, तर गाडीचा वेग जास्तीत जास्त किती असावा?