रुपयाचे चिन्ह आणि ईमेल

समजा, आपल्या मेहकरचा एखादा मुलगा नोकरीनिमित्त परदेशी आहे. न्यासाच्या विद्यार्थी-निधीस पाच हजार रुपये पाठवीत असल्याचे तो इंग्रजी ईमेलने कळवितो व रकमेआधी ₹ हे चिन्ह घालतो. येथे चिटणीसांच्या संगणकावर मात्र चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. आता वहीत काय लिहावे, रुपये की डॉलर? हा घोटाळा कसा होतो, ते पाहू.

संगणकास अक्षर कळत नाही, अंक कळतो. म्हणून प्रत्येक अक्षरास व चिन्हास क्रमांक दिलेला असतो. अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या 'आस्की' कोष्टकात अवघी १२८ स्थाने होती. त्यात डॉलरला ३६ हा क्रमांक मिळाला; पौंडालाही जागा नव्हती, मग देवनागरीची कथा काय! ईमेलचा व्यवहार प्रथम याच कोष्टकावर चाले.

१९९१ साली जगातील लिप्यांचे सामाईक कोष्टक 'युनिकोड' प्रसिद्ध झाले. त्यात 'मेहकर' म्हणजे २३५०, २३७५, २३६१, २३२५, २३५२. यांतील दुसरा अंक मात्रेचा. कन्नड 'म'चा क्रमांक निराळा, ३२४६. म्हणून एकाच पत्रात दोन्ही लिप्या सुखाने नांदतात. उदयकुमार यांनी रेखाटलेले रुपयाचे चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्याच वर्षी युनिकोडात त्यास ८३७७ हा क्रमांक मिळाला.

आता बिघाड ओळखावा कसा? रिकामी चौकट दिसली, तर क्रमांक सुखरूप आला आहे. आपल्या यंत्रातील फाँटमध्ये तो आकार नाही, इतकेच. अगम्य अक्षरांची रांग दिसली, तर बहुधा अंक बरोबर असून ते भलत्याच कोष्टकाने वाचले गेले आहेत. कोणते कोष्टक वापरले, हे ईमेलच्या माथ्यावर नोंदविण्याची सोय १९९२ साली झाली. ती नोंद चुकली की असे होते. परंतु प्रश्नचिन्ह उमटले, तर बहुधा मूळ क्रमांक वाटेतच गळाला आहे. तेथे तर्क करू नये, पाठविणाऱ्यासच विचारावे.

आपले वडीलधारे पावतीवर आकडा घालून पुन्हा 'अक्षरी रुपये पाच हजार फक्त' असे लिहीत. तीच रीत ईमेलमध्येही पाळावी. इंग्रजी पत्रात 'आयएनआर' ही तीन रोमन अक्षरे लिहावीत. ती आस्कीतलीच असल्याने वाटेत गळत नाहीत. दात्याने दिलेली पै न् पै वहीत बिनचूक नोंदली जावी, एवढ्यासाठीच हा खटाटोप.