डिस्टिल्ड वॉटरचे पैसे नेमके कशाचे?

उन्हाळ्यात वीज वारंवार जायला लागली की इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी झपाट्यानं उतरतं आणि बॅटरीच्या दुकानात पाच लिटरच्या कॅनला मागणी येते. एकाच फळीवर एक कॅन ऐंशी रुपयांचा, शेजारचा सव्वाशेचा. एकावर ‘डिस्टिल्ड वॉटर’ लिहिलेलं, दुसऱ्यावर ‘डीएम वॉटर’, तिसऱ्यावर नुसतंच ‘बॅटरी वॉटर’. दुकानदार म्हणतो, सगळं एकच, घ्या कुठलंही. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं कळायला ऊर्ध्वपातनाचा हिशेब एकदा कागदावर मांडावा लागतो, आणि तो शाळेतल्या विज्ञानापलीकडे जात नाही.

द्रव उकळायचा, त्याची वाफ दुसरीकडे न्यायची, थंड करून पुन्हा द्रव करायची आणि गोळा करायची, हे ऊर्ध्वपातन. नळाच्या पाण्यातले कॅल्शियमचे, मॅग्नेशियमचे क्षार १०० अंशांना उडत नाहीत. ते भांड्यातच राहतात आणि पलीकडे जवळजवळ शुद्ध पाणी मिळतं. दोन्ही घटक उडणारे असले की मात्र काम इतकं सरळ राहत नाही. इथेनॉल म्हणजे पिण्यातलं अल्कोहोल ७८.४ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. म्हणून आधी सगळं अल्कोहोल निघेल आणि मग पाणी, असं होत नाही. वाफेत दोन्ही असतात, फक्त लवकर उकळणाऱ्याचं प्रमाण वाढलेलं असतं. ते आणखी वाढवायचं तर तीच क्रिया पुन्हा करायची. गोव्यात काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाचं पहिलं ऊर्ध्वपातन झालं की उर्राक मिळतो, तो सौम्य. पुन्हा भट्टीवर चढवला की फेणी. फेणी उर्राकपेक्षा महाग का, याचं एक साधं कारण हे दुसरं सरपण.

माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतले उंच मनोरे हेच काम एकाच खांबात करतात. खालून तापलेली वाफ वर चढते, वाटेत थंड होऊन थेंब खाली येतात, पुन्हा उकळतात, आणि वेगवेगळ्या उंचीवरून नाफ्था, केरोसीन, डिझेल काढून घेता येतं. आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या इथेनॉल याच पद्धतीनं काढतात. पण साध्या ऊर्ध्वपातनाला ते वजनानं ९५.६ टक्क्यांपर्यंतच नेता येतं. तिथं वाफ आणि द्रव यांची घडण सारखीच होते आणि उकळण्याचा उपयोग संपतो. पेट्रोलमध्ये मिसळायला कोरडं इथेनॉल लागतं, म्हणून उरलेलं पाणी वेगळ्या चाळणीनं, म्हणजे मॉलिक्युलर सिव्हनं काढावं लागतं.

आता खर्चाकडे. २५ अंशांचं एक लिटर पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला साधारण ३१४ किलोज्यूल उष्णता लागते. त्याची वाफ करायला मात्र आणखी २,२५७ किलोज्यूल. खरं बिल या दुसऱ्या आकड्याचं आहे. चहाचं आधण ठेवणारा कुणीही सांगेल की उकळी लवकर येते, पाणी आटायला वेळ लागतो. दोन्ही मिळून सुमारे २,५७० किलोज्यूल. विजेचं एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. म्हणजे लिटरमागे किमान ०.७१ युनिट, आणि उष्णतेची गळती धरली तर घरगुती यंत्रात ०.८ ते १. तुमच्या वीजबिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट केलंत की तुमचा खरा दर निघतो. तो १२ रुपये धरला, तर एक लिटर डिस्टिल्ड पाण्याला फक्त विजेचे दहा-बारा रुपये. कॅन, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा अजून बाजूलाच. कारखाने एका टप्प्यातल्या वाफेची उष्णता पुढच्या टप्प्यात वापरून हा खर्च खाली आणतात, पण शून्यावर आणू शकत नाहीत.

मग पाच लिटरचा कॅन ऐंशी रुपयांना, म्हणजे लिटरमागे १६ रुपयांना कसा परवडतो? बहुतेक वेळा त्यातलं पाणी उकळलेलंच नसतं. ते डीएम, म्हणजे क्षार काढलेलं पाणी असतं. रेझिनच्या मण्यांमधून पाणी सोडतात. मणी क्षारांचे आयन धरून ठेवतात. मणी भरले की एका प्रकारच्या मण्यांतून आम्ल आणि दुसऱ्या प्रकारच्या मण्यांतून कॉस्टिक सोडा फिरवून ते पुन्हा वापरायला तयार करतात. वाफ करण्याचा खर्चच नाही, म्हणून हे स्वस्त. यात फसवणूक नाही, जोवर लेबलवर तसं लिहिलं आहे. बॅटरीला पाणी उकळलं होतं की गाळलं होतं याच्याशी देणंघेणं नसतं. तिला क्लोराइड, लोह आणि कॅल्शियम नको असतं, कारण त्यांनी बॅटरी बसल्या जागी उतरते आणि पत्रे खराब होतात. बॅटरीच्या पाण्यासाठी आयएस १०६९ हे भारतीय मानक आहे. कॅनवर त्याचा उल्लेख शोधा. तेव्हा घरच्या बॅटरीसाठी माझा सल्ला सरळ आहे: सीलबंद, नीट लेबल असलेलं डीएम पाणी घ्या, ‘डिस्टिल्ड’ या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका.

तपासायला टीडीएस मीटर आहे, दोन-चारशे रुपयांत ऑनलाइन मिळतो. चांगल्या पाण्याचा आकडा शून्य ते पाचच्या आत येतो. घरच्या आरओ यंत्राचं पाणी बहुधा ५० ते १५० दाखवतं, कारण चवीसाठी त्यात क्षार मुद्दाम ठेवलेले असतात; म्हणून आरओचं पाणी बॅटरीत घालायचं नाही. एसीच्या नळीतून टपकणारं पाणीही नको. ते वाफेचंच असतं खरं, पण कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश घेऊन येतं. पावसाच्या पागोळ्यांचं तेच. मीटरची एक मर्यादा लक्षात ठेवा: तो विजेला वाट देणारे क्षार मोजतो, तेल, अल्कोहोल किंवा जंतू त्याला दिसत नाहीत.

घरी ऊर्ध्वपातन यंत्र आणावं का? टेबलावर मावणारं चार लिटरचं यंत्र साधारण दहा हजारांच्या घरात पडतं. वर्षाला दहा लिटर पाणी लागतं असं धरा. लिटरमागे २५ रुपयांचा महागातला कॅन घेतला तरी वर्षाचे अडीचशे. यंत्रावर विजेचे शंभर-सव्वाशे. वाचले सव्वाशे-दीडशे. या गतीनं यंत्राचे पैसे नातवंडांच्या हाती वसूल होतील. पातेल्यात वाटी ठेवून, झाकण उलटं घालून त्यावर बर्फ ठेवण्याची शाळेतली युक्ती मुलांना दाखवायला छान. पण तीत निम्मी वाफ स्वयंपाकघरात जाते आणि गॅसचा खर्च दुप्पट होतो. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीवरून नळाचं पाणी सोडून वाफ थंड करायची म्हटलं, आणि ते पाणी २० अंशांनी तापू दिलं, तर एक लिटर मिळवायला २७ लिटर वाहून जातं. टँकरच्या गावात हे कुणी करू नये.

आणि पाण्याखेरीज घरात दुसरं काही उकळून वेगळं करायला जाऊ नका. दारू गाळणं महाराष्ट्रात गुन्हा आहेच, शिवाय अल्कोहोलची वाफ ठिणगीनं पेटते. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, म्हणून पहिली धार फेकली की विष गेलं, हा समज खोटा आहे. वर सांगितलं तसं वाफेत सगळंच मिसळून येतं. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली, ती मिथेनॉलनं.

बॅटरीत पाणी भरायला सर्व्हिसवाला बोलावलात तर फेरीचे पैसे आणि पाण्याचे पैसे वेगळे लिहून मागा, आणि कॅन तुमच्यासमोर फोडायला सांगा. स्वतः भरणार असाल तर इन्व्हर्टर बंद करा, खिडकी उघडा, जवळ काडी पेटवू नका, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. प्लॅस्टिकचं नरसाळं वापरा. खुणेच्या वर भरू नका. ॲसिड कधीच घालायचं नाही; उडतं ते पाणी, ॲसिड आतच असतं. बॅटरी सीलबंद किंवा लिथियमची असेल तर तिला पाणी लागतच नाही, आणि ‘पाणी टाकून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ट्यूब्युलर बॅटरी बारा-पंधरा हजारांच्या पुढे जाते, वर्षाचं पाणी दोन-अडीचशेचं; इथं नळाचं पाणी वापरून बचत करण्यात अर्थ नाही.

औषधाचं पाणी हा वेगळाच विषय. इंजेक्शनसाठी लागणारं पाणी निर्जंतुक, सीलबंद कुपीतलंच हवं. कॅनमधलं पाणी कितीही शुद्ध असलं तरी निर्जंतुक नसतं. ते जखमेवर, डोळ्यांत किंवा कॉन्टॅक्ट लेन्सवर नको. नेब्युलायझरमध्ये डॉक्टरांनी सांगितलेलं सलाइन किंवा औषधच. झोपेत श्वासासाठी लावायच्या सीपॅप यंत्राच्या ह्युमिडिफायरला मात्र डिस्टिल्ड पाणी लागतं, तिथं माहितीपुस्तिका सांगेल ते घ्यावं आणि रोज बदलावं.

ऊर्ध्वपातनाच्या नावावर खरी लूट होते ती सुगंधी तेलांत. फुलं-पानं उकळत्या पाण्यात किंवा वाफेत ठेवतात. तेल आणि पाणी मिसळत नाहीत, त्यामुळे दोघांचा बाष्पदाब मिळून हवेच्या दाबाला पोचतो आणि एरवी दोनशे अंशांपलीकडे उकळणारं तेल शंभराच्या आतच वाफेबरोबर निघून येतं. कनौजला तांब्याच्या देगेत गुलाबाचं अत्तर याच मार्गानं निघतं. आता वजनं बघा. एक किलो गुलाबतेलाला साधारण साडेतीन ते पाच टन फुलं लागतात. चार टन धरले तर दहा ग्रॅम तेलामागे ४० किलो फुलं. फूल शंभर रुपये किलो धरलं, तर फुलांचेच चार हजार. मग दहा मिलिलिटर ‘शुद्ध गुलाबतेल’ दोनशे रुपयांत कसं मिळेल? मिळत नाही. ते कृत्रिम सुगंध घातलेलं तेल असतं. गवती चहाची गोष्ट निराळी. ताज्या पानांच्या तीनशे किलोंच्या आसपास एक किलो तेल निघतं, म्हणून त्याची दहा मिलिलिटरची बाटली शे-दीडशेत मिळाली तर ती खरी असू शकते.

गुलाबपाण्याच्या बाटलीवर घटकांची यादी वाचा. पाणी, सुगंध आणि टिकवणारं रसायन एवढंच असेल तर ते डिस्टिल केलेलं गुलाबपाणी नाही. तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून काही तासांनी बघा. खाद्यतेलाची भेसळ असेल तर तेलकट डाग उरतो. वाळा आणि चंदनाची जड तेलं हा डाग बराच वेळ ठेवतात, त्यांना ही कसोटी लावू नका.

कॅन असो की बाटली, वेष्टनावर कमाल किंमत, निव्वळ माप, उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क असणं कायद्यानं बंधनकारक आहे. हे नसेल तर घेऊ नका. घेऊन बसला असाल तर पावती जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.