उपेक्षित स्पोर्ट्‌स कार : हौस, हिशेब आणि कागदपत्रे

एखाद्या बंगल्याच्या मागील अंगणात, ताडपत्रीखाली, चारही टायर बसलेल्या अवस्थेत दोन आसनी जुनी मोटार उभी असते. मालक तिला 'थोडेसे काम आहे' असे म्हणतो आणि अत्यल्प वाटणारी किंमत सांगतो. मोटारींची आवड असलेल्या मनुष्यास हा मोह आवरणे कठीण जाते. अशी मोटार विकत घेऊन तिला पूर्वरूप देणे हा छंद पाश्चात्त्य देशांत जुना आहे. आपल्याकडेही तो रुजला आहे. बँकेच्या ग्राहकाच्या दृष्टीने या छंदात एक बाब प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. खरेदीची किंमत हा एकूण खर्चाचा बहुधा सर्वांत लहान भाग असतो आणि अल्प किमतीस मिळालेली मोटारच पुष्कळदा सर्वांत महाग पडते.

असे का होते, हे समजून घेण्यासाठी एमजीबी या ब्रिटिश मोटारीचे उदाहरण उपयुक्त आहे. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तिची निर्मिती झाली. १७९८ घनसेंटीमीटरचे साधे, दणकट इंजिन आणि पाच लाखांहून अधिक उत्पादन यांमुळे तिचे सुटे भाग आजही मिळतात. पुनरुज्जीवनासाठी नवशिक्याने निवडावी अशी मोटार म्हणून तिचा लौकिक आहे. तरीही या मोटारीने असंख्य हौशी लोकांचा खिसा रिकामा केला आहे. त्याचे कारण इंजिनात नसून पत्र्यात आहे.

तिच्या आधीच्या एमजीए या मोटारीस स्वतंत्र सांगाडा होता व त्यावर वरचे शरीर बसविलेले असे. एमजीबीमध्ये स्वतंत्र सांगाडा नाही. पत्र्याचे शरीर हाच सांगाडा. उघड्या छताच्या मोटारीस वरून छपराचा आधार नसल्यामुळे दारांखालून जाणाऱ्या दोन पोकळ पेट्या, ज्यांना सिल म्हणतात, बहुतेक भार सोसतात. या पेट्या पत्र्याच्या अनेक थरांच्या असतात. आत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरच्या पत्र्यावर बोटाएवढा फुगवटा दिसू लागतो, तेव्हा आतील थर बहुधा संपलेला असतो. अनेक विक्रेते अशा ठिकाणी पुटी भरून वर चकचकीत रंग देतात. खिशातील लहानसे लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून सिलवरून फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे पत्रा नाही, पुटी आहे. त्याहून चांगली कसोटी म्हणजे दाराच्या फटीची. मोटार जॅकवर उचलताना दाराच्या कडेची फट कमी-अधिक होऊ लागली, किंवा दार उघडमीट करताना अडू लागले, तर शरीर वाकत आहे असे समजावे. अशी मोटार रस्त्यावर धोकादायक असते. तिच्या सिलचे काम करताना दारांच्या चौकटीत आधाराच्या पट्ट्या न लावता जुना पत्रा कापला, तर संपूर्ण मोटार कायमची वाकडी होते. हे काम गल्लीतील डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानाचे नव्हे.

इंजिनाविषयी मात्र अकारण भीती बाळगली जाते. बंद पडलेले इंजिन उघडून दुरुस्त करणे हे मोजता येणारे काम आहे. त्याचा अंदाज जाणकार मेकॅनिक बऱ्यापैकी अचूक देतो. गंजाचा अंदाज पत्रा कापल्याशिवाय कोणीही देऊ शकत नाही. म्हणून 'उत्तम शरीर, बिघडलेले इंजिन' ही मोटार 'उत्तम इंजिन, गंजलेले शरीर' या मोटारीपेक्षा अधिक किमतीसही स्वस्तच ठरते.

वापरात असलेल्या मोटारीपेक्षा उभी असलेली मोटार लवकर झिजते, हे विधान विचित्र वाटले तरी खरे आहे. टाकीतील पेट्रोल चिकट होऊन कार्ब्युरेटरचे सूक्ष्म मार्ग बंद करते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते व चाकांजवळचे सिलिंडर आतून गंजून जाम होतात. उंदीर वायरी कुरतडतात. कोकण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर चार पावसाळे उघड्यावर काढलेली मोटार आणि मराठवाड्यात बंद गॅरेजमध्ये वीस वर्षे राहिलेली मोटार यांत दुसरी बरी असण्याचा संभव अधिक. त्यात आता नवी भर पडली आहे. २०२५ पर्यंत देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र आले. जुन्या मोटारींच्या रबरी नळ्या व वॉशर यासाठी बनविलेले नाहीत. ते बदलण्याचा खर्च प्रारंभीच धरावा, कारण गळणाऱ्या नळीतून आग लागू शकते.

आपल्या देशात बनलेल्या स्पोर्ट्‌स कार फारच थोड्या. १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलेली सॅन स्टॉर्म ही त्यांपैकी एक. तिचे शरीर फायबर ग्लासचे असल्याने गंजाची चिंता कमी. परंतु तिचे ११४९ घनसेंटीमीटरचे इंजिन फ्रान्सच्या रेनॉ कंपनीचे, आणि ज्या परदेशी मोटारींत ते बसविले जाई त्या भारतात विकल्या गेल्या नाहीत. त्यामुळे एखाद्या क्षुल्लक भागासाठी परदेशातून मागणी, टपालखर्च आणि सीमाशुल्क अशी रांग लागते. मोटार किती संख्येने बनली, यावर तिचे पुनरुज्जीवन किती सुलभ हे मोठ्या प्रमाणावर अवलंबून असते. दुर्मीळता विकताना लाभते. दुरुस्ती करताना तीच नडते.

कागदपत्रे

येथे थोडे सविस्तर थांबणे आवश्यक आहे, कारण पत्रा जोडता येतो पण हरवलेली मालकी जोडता येत नाही. चॅसिस व इंजिनाचे क्रमांक मोटारीवर प्रत्यक्ष वाचून नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहावेत. नंतर नजरगहाणाची, म्हणजेच हायपोथिकेशनची नोंद पाहावी. पूर्वमालकाने कर्ज पूर्ण फेडले असले तरी नोंद आपोआप जात नाही. त्यासाठी नमुना क्रमांक ३५ वर मालक आणि वित्तपुरवठादार या दोघांच्या स्वाक्षऱ्या लागतात. जुन्या मोटारींच्या बाबतीत ती वित्तसंस्था बंद पडलेली किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन झालेली असू शकते. अशा वेळी हे प्रमाणपत्र मिळविण्याचे काम विक्रेत्याने करावे आणि पूर्ण रक्कम त्यानंतरच द्यावी.

मोटार परराज्यातील असल्यास मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र हवे. मालकी हस्तांतरणाची सूचना खरेदीदाराने मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार तीस दिवसांत द्यावयाची असते. 'आधी मोटार तयार करू, मग नावावर करू' हा विचार घातक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात असे ठरविले की, ज्याच्या नावे नोंदणी आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. मधल्या काळात हात बदलले असले तरी अपघाताचे दायित्व त्याच्यावरच येते. म्हणजे विक्रेत्यालाही या विलंबात धोका आहे, हे त्याला सांगितले की कागदपत्रे लवकर सापडतात!

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते व त्यानंतर नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षे ओलांडलेल्या वाहनांसाठी ते आणखी वाढविण्यात आले.

पैशाचा हिशेब

वाहनकर्जाला वाहन हेच तारण असते. उभ्या, जीर्ण मोटारीचे तारणमूल्य नगण्य असल्याने असे कर्ज सहसा मिळत नाही आणि ग्राहक वैयक्तिक कर्जाकडे वळतो, ज्याचा व्याजदर अधिक असतो. केव्हा संपेल हे ठाऊक नसलेल्या कामासाठी ठरावीक हप्त्याचे कर्ज घेणे सुज्ञपणाचे नाही. स्वतःची बचत वापरली तरी व्याज सुटत नाही, ते फक्त दिसत नाही. तीन लाख रुपये वार्षिक सात टक्के चक्रवाढ दराने चार वर्षांत सुमारे ९३ हजार रुपये मिळवतात. चार वर्षे अर्धवट उभ्या असलेल्या मोटारीने तेवढे गिळलेले असतात.

वाणिज्य शाखेत शिकविली जाणारी बुडीत खर्चाची संकल्पना येथे फार उपयोगी पडते. समजा, मोटार तीन लाखांस घेतली आणि दुरुस्तीवर तीन लाख झाले. आता आणखी तीन लाख लागणार; तयार मोटारीस सात लाख येतील, अर्धवट मोटारीस अडीच. पूर्ण केल्यास तोटा दोन लाख, आज विकल्यास साडेतीन लाख. म्हणून पूर्ण करावी. परंतु उघडलेल्या सिलमधून नवा गंज निघून उर्वरित खर्च पाच लाखांवर गेला, तर पूर्ण करण्याचा तोटा चार लाख होतो. आज थांबणे अर्ध्या लाखाने स्वस्त. झालेले सहा लाख दोन्ही बाजूंस सारखेच असल्याने निर्णयात त्यांना स्थान नाही. 'इतके घातले आहेत, तर आता सोडायचे कसे' हा प्रश्न मनाचा आहे, हिशेबाचा नव्हे. मालकास ते अर्धा लाख आनंदाने द्यावेसे वाटले तर द्यावेत. मात्र ती हौसेची किंमत म्हणून द्यावी, गुंतवणूक म्हणून नव्हे.

पन्नास वर्षे ओलांडलेल्या मोटारींसाठी केंद्र शासनाने २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकपट्टीवर 'व्हीए' ही अक्षरे. अशी मोटार प्रदर्शन, शर्यतफेरी, इंधन भरणे व देखभाल अशा कामांसाठी रस्त्यावर आणता येते, नित्य वापरासाठी नाही. मोटार मूळ रूपात असावी, तिच्या चॅसिस, शरीर वा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. एमजीबीचे संपूर्ण नवे पत्र्याचे शरीर १९८८ पासून इंग्लंडमध्ये पुन्हा बनू लागले आणि गंजाने हैराण झालेल्या मालकास तो सोपा मार्ग वाटतो. परंतु भारतात व्हिंटेज नोंदणीची इच्छा असणाऱ्याने मूळ शरीरच दुरुस्त करावे, कापण्यापूर्वी व जोडल्यानंतर प्रत्येक भागाची छायाचित्रे घ्यावीत आणि देयके तारखेनुसार फाइलमध्ये लावावीत. तीच फाइल पुढे परिवहन अधिकारी, विमा सर्वेक्षक आणि भावी खरेदीदार या तिघांना दाखवावी लागेल.