कुत्र्यासाठी जुन्या कपड्यांची झूल
(कार्यानुभव : शिवणकाम)

झूल म्हटली की आपल्याला पोळ्याचा बैल आठवतो. थंडी पडली की गोठ्यात वासराच्या पाठीवर पोतं बांधतात, तीही एक झूलच. पण वस्तीवर रात्रभर जागणाऱ्या कुत्र्याला कोणी काही घालत नाही. "त्याच्या अंगावर केस आहेत की!" असं म्हणतात. ते खरं आहे, पण अर्धंच. आपल्याकडच्या गावठी कुत्र्याचे केस आखूड असतात. तरणं, धडधाकट कुत्रं अंगाचं मुटकुळं करून, नाक शेपटीखाली घालून रात्र काढतं. त्याला झूल नको. झूल लागते ती म्हाताऱ्या, आजारी, हडकुळ्या कुत्र्याला. आणि रात्रीची लाइट असली की दारं धरायला माणसाबरोबर जाऊन ओल्यात बसणाऱ्या कुत्र्याला, पण त्याचं अंग आधी पुसून. कुत्र्याच्या अंगाची उष्णता साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. ती कमी होऊ लागली की ते थरथर कापतं.

कापड स्वतः गरम नसतं. दोन थरांत हवा अडकते, ती अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. गोधडीत हेच होतं. म्हणून आतून जुना स्वेटर किंवा शालीचा तुकडा आणि बाहेरून जुन्या पँटचं जाड कापड घ्यावं. स्वेटर नसला तर लुगड्याच्या चार घड्या चालतात. कापड आधी धुऊन वाळवावं. बटणं, हुक, चेन सगळं काढून टाकावं, कारण कुत्रं ते चावतं आणि गिळतं.

माप सुतळीने घ्यावं, मग सुतळी पट्टीवर धरावी. कुत्र्याला लोखंडी टेप दाखवली की ते पळतं! पहिलं माप मानेच्या बुडापासून शेपटीच्या मुळापर्यंत. दुसरं पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर. समजा पाठ २२ इंच आणि घेर २४ इंच आला. झूल शेपटीच्या २ इंच अलीकडे संपवायची, म्हणजे पाठीसाठी २० इंच. गळ्यापुढे छातीवर येणाऱ्या दोन पाळ्यांसाठी आणखी ४. लांबी झाली २४ इंच. रुंदी १८ इंच ठेवावी. घेरातले उरलेले ६ इंच पोटाखाली उघडे राहतात, ते राहू द्यावेत.

हे माप आधी वर्तमानपत्रावर आखावं. कागद लांबीत दुमडून पुढच्या कडेला मधोमध ५ इंच रुंद आणि ४ इंच खोल असा गोल गळा कापावा. दोन्ही बाजूंना साडेसहा इंचांच्या पाळ्या उरतात. कागद कुत्र्याच्या पाठीवर ठेवून बघावा. तो पुढच्या पायांत येत असेल तर तिथे कमी करावा. कागद वाया गेला तर चालतो. मग कागद कापडावर ठेवून खडूने आखावं आणि शिलाईसाठी सगळीकडे अर्धा इंच जास्त सोडून कापावं.

दोन्ही कापडांच्या उलट्या बाजू बाहेर ठेवून कडेने टीप घालावी. मागची बाजू वीतभर उघडी ठेवावी, तिथून झूल उलटवावी आणि ते तोंड हातशिलाईने बंद करावं. नंतर दोन-दोन इंचांवर गोधडीसारखा धावदोरा टाकला की आतलं कापड गोळा होत नाही. हे काम आजीला दाखवून करावं, तिचे टाके आपल्यापेक्षा सरळ येतात.

आता बंद. दोन्ही पाळ्यांना वीतभर लांबीचा एकेक बंद लावावा, तो छातीवर बांधायचा. पोटाखालचा पट्टा ३ इंच रुंद, दुहेरी कापडाचा. तो पुढच्या पायांच्या लगेच मागे यावा, फार मागे गेला तर नर कुत्र्याच्या लघवीने भिजतो. पट्टा एका बाजूला पक्का शिवावा, दुसऱ्या बाजूला बंदाने बांधावा. गाठ सुरगाठच मारावी. झूल कुठे काट्यात अडकली तर एका ओढीत सुटली पाहिजे. पट्ट्याखाली आपली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. मग कुत्र्याला चालवून, बसवून बघावं.

झूल ओली झाली की लगेच काढावी. ओली झूल अंगावर असण्यापेक्षा काहीच नसलेलं बरं, कारण ती ऊब ओढून घेते. सकाळी ऊन पडलं की काढायचीच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ काढून धापा टाकतं. उन्हात झूल राहिली तर त्याला त्रास होतो. काढल्यावर कानामागे, काखेत गोचीड बघावेत. साखळीला बांधलेल्या कुत्र्यावर झूल ठेवून लांब जाऊ नये.

कोवळ्या पिल्लांना शिवू नये. त्यांचे डोळे दहा-चौदा दिवसांनी उघडतात, तोवर ती आईच्या उबेवरच जगतात. कोरड्या जागी खाली पोतं आणि वाळलेलं गवत टाकलं की पुरे. त्यांच्या आईजवळही जाऊ नये, ती चावते.

अनोळखी कुत्र्यावर झूल चढवायला जाऊ नका. आपलं कुत्रं चावलं किंवा ओरखडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, घरी सांगायचं आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात इंजेक्शनसाठी जायचं. जखमेवर चुना, मिरची लावायची नाही. पालकांनीही हे लक्षात ठेवावं. मार बसेल म्हणून मुलं चावल्याचं लपवतात, आणि रेबीज एकदा झाला की जवळजवळ नेहमी जीव जातो. कुत्र्याला दर वर्षी गुरांच्या दवाखान्यात लस टोचून आणावी.

शिवणकामाच्या तासाला कात्र्या दोनच आहेत. म्हणून कागद घरीच कापून आणा. ज्यांच्या घरी जुनी पँट नसेल त्यांनी सांगावं, एका पँटच्या दोन पायांत दोन लहान झुली निघतात.