मुंबई ते दुबई विमानप्रवास : घड्याळाची वजाबाकी कुठे चुकते?



कालमापन शिकवताना हे उदाहरण फळ्यावर नक्की घ्या.

समजा, विमान मुंबईहून सकाळी १० वाजता सुटले आणि दुबईला सकाळी ११:४५ ला पोहोचले. प्रवासाला किती वेळ लागला?

मुलं पटकन सांगतात, १ तास ४५ मिनिटे. वजाबाकी अगदी बरोबर! मीसुद्धा एकदा यावर बरोबरची खूण करून मोकळी झाले होते.

आता अंतर सांगा. या दोन विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे १,९३० किमी आहे. म्हणजे वेग ताशी ११०० किमी झाला! प्रवासी विमान तर साधारण ८०० ते ९०० किमी वेगाने उडते. मग गडबड कुठे झाली?

तिकिटावर त्या-त्या ठिकाणची स्थानिक वेळ असते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. म्हणून जाताना दीड तास मिळवायचा. उत्तर ३ तास १५ मिनिटे. येताना दुबईहून १० ला निघून मुंबईला दुपारी २:३० ला पोहोचलो, तर साडेचार तासांतून दीड तास वजा करायचा. उत्तर ३ तास.

आता जातानाचा वेग काढा. ताशी सुमारे ६०० किमी येतो. एवढा कमी का? कारण धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, हळूहळू खाली उतरणे हा वेळही त्यात धरलेला असतो.

मुलांना एकच सवय लावूया. उत्तर आलं की स्वतःला विचारायचं, "हे खरंच शक्य आहे का?"