डॉ. कमल रणदिवे आणि रक्ताच्या कर्करोगाचा अभ्यास

अंबाडी-वाडा परिसरात रक्ताच्या कर्करोगाविषयी आजही दबक्या आवाजात बोलले जाते. आजाराचे नाव घेतले की सारे संपले, असा समज आहे. तो किती जुना झाला आहे, हे समजावे म्हणून एका मराठी संशोधिकेच्या कार्याचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

कमल समर्थ यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1917 रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने वैद्य व्हावे, ही त्यांची इच्छा; मुलीला मात्र पेशींची ओढ. एम.एस्सी.साठी तिने सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या आणि डॉ. वि. रा. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली 1949 मध्ये पीएच.डी. झाल्या. त्यानंतर अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्याकडे त्यांनी पेशी काचपात्रात वाढविण्याचे तंत्र आत्मसात केले. हेनरिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या पेशी ज्या प्रयोगशाळेत 1951 मध्ये प्रथम अखंड वाढू लागल्या, ती हीच. त्या स्त्रीची संमती कोणी घेतली नव्हती, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

मुंबईस परतल्यावर कमलताईंनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांचे शुद्ध वंश सांभाळले. हे काम बाहेरून रुक्ष दिसते, पण सारे मर्म त्यातच आहे. भावाबहिणींचा संकर वीस पिढ्या केला की वंशातील सर्व उंदीर जणू जुळी भावंडे होतात. मग एका गटात आजार उद्भवला आणि दुसऱ्यात नाही, तर कारण आनुवंशिकता, संप्रेरक की विषाणू, हे वेगळे काढता येते. स्तनांचा, अन्ननलिकेचा आणि रक्ताचा कर्करोग त्यांनी अशा प्राण्यांत अभ्यासला.

रक्त मुळात तयार होते कोठे? हाडांतील मज्जेत. तेथील मोजक्या मूलपेशी स्वतःसारख्या पेशी घडवतात आणि तांबड्या, पांढऱ्या पेशी व बिंबिकाही घडवतात. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. म्हणून दर सेकंदाला सुमारे 20 लाख नव्या लागतात. 1961 मध्ये टोरंटो येथे टिल आणि मॅकलॉक यांनी किरणोत्साराने मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली, तेव्हा त्यांच्या प्लीहेवर गाठी उमटल्या. प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढते, हे पुढे सिद्ध झाले. रक्ताच्या कर्करोगात हाच कारखाना बिघडतो: अपक्व पेशी बेसुमार वाढतात आणि चांगल्या रक्ताला जागा उरत नाही.

उंदरांना दुसऱ्याची मज्जा मानवली, कारण ते एका वंशाचे होते. माणसांत तसे नाही. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी 1983 मध्ये भारतातील पहिले यशस्वी मज्जारोपण केले, तेव्हा एका लहान मुलीला तिच्या भावाचीच मज्जा उपयोगी पडली. स्वतः अडवाणी बालपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीतून रुग्ण तपासीत.

कमलताईंनी 1973 मध्ये सहकारिणींसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. तिच्या वाशी येथील वास्तूत महिलांचे वसतिगृह चालते. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. उत्तरायुष्यात त्या अकोले तालुक्यातील राजूर भागात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करीत राहिल्या. आमच्या मते पुरस्कारांपेक्षा हे काम मोठे आहे. 2001 मध्ये त्यांचे निधन झाले.

पालकांसाठी एवढेच सांगतो. मुलाचा ताप हटत नाही, चेहरा पांढुरका पडतो, न लागता अंगावर निळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते किंवा हाडे दुखतात, अशा वेळी अंगारे-धुपारे करीत न बसता डॉक्टरांकडून रक्ताची संपूर्ण तपासणी करून घ्यावी. लहान मुलांत नेहमी आढळणारा प्रकार वेळेवर आणि पूर्ण उपचार झाल्यास बहुतेकांत बरा होतो. उपचार मात्र दोन-तीन वर्षे चालतात, ते मध्येच सोडू नयेत. परळला जावे लागले, तर राहण्यासाठी दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे. ज्या गाडगेबाबांनी आपली पंढरपूरची धर्मशाळा बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपविली, त्यांच्याच नावाची ही वास्तू. कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तेथे अल्प खर्चात राहतात.