पडद्यावरचा आकडा हवेचा असतो

नवं हॉट एअर स्टेशन आलं, त्याच्या मेमरीत प्रोग्रॅम भरून ठेवता येतात, आता मामाच्या अंदाजपंचे कामाची गरज नाही, असं तू परवा आईला फोनवर सांगत होतीस. ऐकलं मी. निम्मं खरं आहे ते. उरलेलं निम्मं सांगतो, कारण चिक्कडपल्लीचं हे दुकान पुढे तूच बघणार आहेस आणि गिऱ्हाईक काही यंत्राचं तोंड बघून बोर्ड ठेवून जात नाही.

पडद्यावर ३५० दिसतं ते हवेचं तापमान, तेही हीटरच्या जवळ मोजलेलं. तिथून हवा नोझलबाहेर येते, वाटेत निवते, मग बोर्डावर आदळते. बोर्डाला त्यातलं किती पोचलं हे यंत्राला कळत नाही. साध्या दोन थरांच्या बोर्डावरचा आयसी त्या ३५० वर पटकन सुटेल. सहा थरांच्या मदरबोर्डावर तोच आयसी ढिम्म हलणार नाही, कारण आतलं ग्राउंडचं तांबं उष्णता चहूकडे ओढून नेतं. तेव्हा ‘या आयसीला हा प्रोग्रॅम’ असं डोक्यात ठेवू नकोस. प्रोग्रॅम बोर्डाचा असतो. नोझल बदललं की तो बदलतो, उंची बदलली की बदलतो, हवा कमीजास्त केली की बदलतो. क्विक ८६१ डीडब्ल्यूसारख्या स्टेशनला तीन चॅनेल असतात, तापमान आणि हवा साठवायला. हॅकोच्या एफआर-८१० मध्ये टप्पे एकापुढे एक जोडता येतात. दोन्ही चांगली यंत्रं आहेत. पण त्यांच्यात आकडे भरायचे कुठून आणायचे, तो प्रश्न तुझाच.

ते थर्मोकपलने आणायचे. के-टाइपची बारीक वायर घे, मल्टिमीटरला लाव, टोक आयसीच्या अगदी कडेला बोर्डावर ठेव आणि कॅप्टॉन टेपने दाबून चिकटव. टोक अधांतरी राहिलं तर पुन्हा हवाच मोजशील. आधी वायर खरी बोलते का ते बघ. बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवायला हवी. उकळत्या पाण्यात मात्र १०० ची वाट बघत बसू नकोस. आपलं हैदराबाद समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर आहे, इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. वायर ९८ म्हणाली तर ती बरोबर आहे. पुस्तकात १०० लिहिलंय म्हणून मीटरचा स्क्रू फिरवणारी मंडळी मी पाहिली आहेत.

त्याहून नामी युक्ती सांगतो, तिला मीटरही लागत नाही. एखादा भंगार बोर्ड घे, शक्यतो ज्यावर काम करायचं त्याच जातीचा. आयसी काढलेल्या जागेजवळ तीन वेगवेगळ्या सोल्डरचे मोहरीएवढे थेंब शेजारी शेजारी लाव. पहिला बिस्मथवाला, ४२ भाग कथील आणि ५८ भाग बिस्मथ, तो १३८ ला वितळतो. दुसरा जुना ६३-३७, शिशाचा, तो बरोबर १८३ ला पाणी होतो, मधली लिबलिबीत अवस्थाच नाही त्याला. तिसरा बिनशिशाचा, ज्यात तीन टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं असतं, तो २१७ पासून वितळायला लागतो आणि २२० ला पुरता विरघळतो. प्रत्येकावर फ्लक्सचा ठिपका दे. आता प्रोग्रॅम सुरू कर, घड्याळ लाव आणि नुसती बघत राहा. पहिला थेंब चमकला ती वेळ लिही. दुसऱ्याची लिही. तिसऱ्याची लिही. चमक ओळखायला शीक. आधी फ्लक्स उकळतो, त्याचे बुडबुडे फसवतात, मग थेंबाची पाठ एकाएकी आरशासारखी होते आणि तो जरा बसका होतो. त्या तीन वेळांवरून बोर्ड कोणत्या चालीने तापतोय ते आपोआप दिसतं. पहिला आणि दुसरा थेंब यांत फार कमी वेळ गेला तर हवा घाई करते आहे. तिसरा चमकलाच नाही तर वरची हवा वाढवायच्या आधी खालच्या प्रीहीटरचं तापमान बघ.

खालच्या प्रीहीटरला आळशीपणाने टाळू नकोस. भाकरी तव्यावर आधी भाजते, मग आचेवर फुगते. नुसत्या आचेवर धरली तर वरून करपते आणि आत कच्ची. बोर्डाचं तेच. खालून हळूहळू तापवून वरचं अंग १५० पर्यंत आण, दर सेकंदाला एक ते तीन अंश, त्याहून वेगाने नाही. मोठे सिरॅमिक कपॅसिटर वेगाला घाबरतात, बाहेरून धड दिसतात आणि आत चीर जाते. मग १५० ते २०० च्या मध्ये एक ते दोन मिनिटं रेंगाळू दे. इथे फ्लक्स आपलं काम करतो, पण फार रेंगाळलीस तर तो वाळून मरतो आणि पुढे सोल्डर पॅडला धरत नाही. त्यानंतर वरची हवा. बिनशिशाच्या सोल्डरला २१७ च्या वर मिनिट-दीड मिनिट, शिखर २३५ ते २४५. मग थांब. फुंकर मारायची नाही, पंखा लावायचा नाही, गार ओट्यावर ठेवायचं नाही. साधा एफआर-४ बोर्ड १३०-१४० अंशांच्या पुढे आतून मऊ पडलेला असतो, घाईत उचललास की वाकतो आणि वाकलेलाच गार होतो.

आयसी सुटला का हे ओढून बघायचं नसतं. शेजारच्या छोट्या कपॅसिटरला चिमट्याच्या टोकाने हलकेच स्पर्श कर. तो तरंगून परत जागेवर आला तर सोल्डर वितळलंय. मग आयसीला केसभर ढकल, तोही हलून परत बसेल. तेव्हाच उचल. ओढाओढी केली की पॅड उखडतात, आणि बीजीए चिपच्या खालचा पॅड गेला की जंपर ओढता ओढता रात्र जाते.

आता पंख्याची भांडणं. मे महिन्यात दुकानात पंखा बंद ठेवायचा म्हणजे अंगाची काहिली, हे मलाही कळतं. पण छताचा पंखा चालू आणि बंद यात तोच प्रोग्रॅम दोन वेगळे निकाल देतो. एसीचा झोत टेबलावर येत असेल तर त्याची पट्टी वळव. पंखा बंद करायचा नसेल तर टेबलाला तिन्ही बाजूंनी आडोसा कर आणि प्रोग्रॅम त्या आडोशातच बसव. एकदा ठरलं की तसंच, रोज.

दुसरा बोर्ड पहिल्यासारखा का येत नाही, असं तू विचारणारच आहेस. पहिला सुरू केलास तेव्हा प्रीहीटरची प्लेट गार होती, दुसऱ्याच्या वेळी ती तापलेली आहे. प्रोग्रॅम सेकंद मोजतो, त्याला प्लेटचा इतिहास ठाऊक नसतो. म्हणून प्लेटवर ठेवलेलं थर्मोकपल ४० च्या खाली आल्याशिवाय पुढचा बोर्ड चढवायचा नाही. मध्येच करंट गेला तर? जिथे अडलं तिथून पुढे नाही. बोर्ड पूर्ण गार होऊ दे आणि पहिल्या टप्प्यापासून सुरू कर. आणि काम संपल्यावर भिंतीवरचं बटण लगेच बंद करू नकोस. हँडल स्टँडवर ठेव, गार हवा फेकून ते स्वतः थांबतं. लगेच बंद केलं तर आतली गरमी हीटर आणि हँडल खाते.

वही ठेव. मोबाईलमध्ये नको, तेलकट बोटांनी तो उघडत नाही. बोर्डावर छापलेला नंबर, आयसी, नोझल, उंची मिलिमीटरमध्ये, खालचं तापमान, वरची हवा, टप्पे, चमक कितव्या सेकंदाला आली, आडोसा होता की नाही. जो बोर्ड वारंवार येतो त्याचाच चॅनेल कायमचा ठेव. आपल्याकडे सिटी सेंट्रल लायब्ररीत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांचे लॅपटॉप येतात, तेच ते जुने चार-पाच मॉडेल. उन्हाळ्यात एसीचे बोर्ड. त्यांच्या पानांचे कोपरे दुमड.

जुने बोर्ड आणि नवे बोर्ड वेगळे ओळख. युरोपात १ जुलै २००६ पासून शिशावर बंदी आली आणि हळूहळू बहुतेक कारखान्यांनी सोल्डर बदललं. त्याआधीचा बोर्ड १८३ वर सुटतो, नंतरचा बहुधा नाही. ईसीआयएलच्या ईसी टीव्हीचे बोर्ड मी ज्या सोल्डरिंग आयर्नने दुरुस्त केले, त्याला तापमानाचा आकडाच नव्हता; पाय भोकात, सोल्डर शिशाचं, चुका माफ. आता पोरं काय करतात, बिनशिशाचा आयसी सहज सुटावा म्हणून बिस्मथवालं मऊ सोल्डर त्यात मिसळतात. सुटतो, मान्य. पण नंतर विकने पॅड अगदी कोरडे साफ केले नाहीत आणि वर शिशाचं सोल्डर मारलं, तर कथील, शिसं, बिस्मथ तिन्ही एकत्र येऊन असं मिश्रण होतं जे ९६ अंशांवर वितळतं. पॉवर सप्लायच्या बोर्डावर गरम भाग सहज तेवढा तापतो. मऊ सोल्डर वापरायचंच तर बिस्मथ आणि शिसं यांची गाठ पडू द्यायची नाही.

पावसाळ्यात आणखी एक काम. आयसीचं काळं प्लास्टिक हवेतली ओल पितं. एकदम तापवलं की ती वाफ होऊन आतून फुगते, कधी फट् आवाजही येतो. कितीतरी चिप्स पाकीट फोडल्यापासून १६८ तासांत लावायच्या असतात, आणि तेही ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत. ऑगस्टमध्ये आपल्या दुकानात ते गणित चालत नाही. सुटे आयसी १२५ वर तासन्‌तास भाजून घे, रीळमधले असतील तर आधी रिळातून काढ. तयार बोर्डावर प्लास्टिकचे कनेक्टर असतात, तिथे ७०-८० वर रात्रभर. बॅटरी आधी काढलेली हवी, हे वेगळं सांगायला नको. सुटे आयसी आणायला कोठीच्या गुजराती गल्लीत जाशीलच, मेट्रो झाल्यापासून इथून दुसरंच स्टेशन, सुलतान बाजार. पाकीट उघडं असेल तर ते किती दिवसांपासून उघडं आहे हे दुकानदाराला विचारू नकोस, सरळ भाजून घे.

आणि आता ज्यावरून आपली वादावादी व्हायची तो विषय. लॅपटॉपला डिस्प्ले नाही, गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, ‘भाई, थोडा हीट मार दो, चल जाता.’ मारलंस तर चालेलही. आठवडाभर. पैसे मिळतील, गिऱ्हाईक खूश, आणि महिन्याभराने तेच गिऱ्हाईक चारचौघांसमोर आवाज चढवेल. तापवल्याने तो जिवंत का होतो हे समजून घे. २००८ च्या जुलैत एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही चिप्सच्या पॅकेजिंगच्या दोषासाठी १५ ते २० कोटी डॉलरचा खर्च धरल्याचं जाहीर केलं. दोष चिपच्या पोटात होता, सिलिकॉन आणि त्याखालची पट्टी यांच्यामधल्या बारीक जोडांत. तापणं-गार होणं याने ते जोड तडकतात. बाहेरून उष्णता दिली की तडकलेली तोंडं पुन्हा टेकतात, बस्स. जगभर कितीतरी दुकानांनी चिप आणि बोर्ड यांच्यामधले सोल्डरचे गोळे बदलले, रीबॉलिंगचे पैसे घेतले. गोळे बऱ्याचदा धडधाकट होते. म्हणून हीट मारून बोर्ड चालू झाला तर ती दुरुस्ती समजू नकोस, तपासणी समज. दोष कुठे आहे ते कळलं, आता चिप बदलायची की बोर्ड सोडून द्यायचा ते गिऱ्हाईकाला किंमतीसकट सांग. डेटा काढून हवा असेल तर तेवढ्यापुरतं तापवून देता येतं, तेही आधी बोलून. नुसतं हीट मारल्याचं बिल आपल्या दुकानात फाडायचं नाही. बाहेर लोक फाडतात, फाडू देत.

धूर अंगावर घेऊ नकोस. राळेच्या फ्लक्सचा धूर वर्षानुवर्षं घेतला की दमा लागू शकतो. टेबलावरचा शोषक पंखा चालू असल्याशिवाय स्टेशन चालू नाही. जेवणाचा डबा त्या टेबलावर नाही. शिशाचं काम झालं की साबणाने हात.

राहिली घाई. त्यागराय गान सभेचं सभागृह जवळ, तेव्हा कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी कुणीतरी साउंड मिक्सर घेऊन धावत येतंच, ‘कोंचम चूडंडी’, जरा बघा, म्हणत, सहाला पडदा उघडायचा असतो. अशा वेळी आकडा ४२० वर नेऊन काम उरकायचा मोह होतो. प्रोग्रॅम पाच-सहा मिनिटांचा आहे, तो तितकाच राहू दे. घाई दोष शोधण्यात कर, तापवण्यात नको. चारपर्यंत दोष सापडला नाही तर त्यांना तसं स्पष्ट सांग आणि भाड्याचा मिक्सर आणायला पाठव. बोर्ड उद्या सकाळी बघता येईल.